चौकटीतील पडशी

सायकलीचे जे रूप आज आपल्या डोळ्यांना इतके सरावाचे झाले आहे की त्याच्या घडणीविषयी दोन क्षण विचार करावा असेही कोणास वाटत नाही, ते रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत सिद्ध झाले. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 साली ‘रोव्हर’ ही सायकल निर्माण केली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत दोन समान चाके, मागील चाकास साखळीने मिळणारी गती आणि नळ्या जोडून साधलेली शंकरपाळ्याच्या घाटाची चौकट हा नमुना जगभर कायम झाला. या चौकटीच्या पुढील अर्ध्यात, वरची आडवी नळी, खालची तिरकी नळी आणि बैठकीची उभी नळी यांच्या दरम्यान, एक त्रिकोणी पोकळी राहते. ती कोणी हेतुपुरस्सर राखलेली नाही. बळकटीचे गणित सोडविताना ती आपसूक उरली. परंतु ओझे ठेवण्यास सबंध वाहनावर तिच्या तोडीची दुसरी जागा नाही, ही गोष्ट ज्यांना लांबच्या मजला मारावयाच्या होत्या त्यांच्या लवकरच ध्यानात आली.

ती प्रथम ध्यानात आलेल्यांत लष्करी मंडळी होती. अमेरिकेच्या मॉन्टाना संस्थानातील फोर्ट मिसूला या ठाण्यावरून 25 व्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय शिपाई, लेफ्टनंट जेम्स मॉस या गोऱ्या अंमलदाराच्या हुकमतीखाली, 14 जून 1897 रोजी सायकलींवरून निघाले आणि चिखल, बर्फ, वाळू व खडकाळ वाटा तुडवीत सुमारे 1,900 मैलांवरील सेंट लुईस शहरी 41 दिवसांत दाखल झाले. त्यांच्या सायकलींची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत हँडलला बांधलेली वळकटी दिसते, आणि चौकटीच्या पोकळीत नेमकी बसविलेली कडक पेटी दिसते. पुढे स्वित्झर्लंडच्या सैन्याने 1905 साली जी सायकल पत्करली तिच्याही चौकटीत चामड्याची थैली असे. तात्पर्य, आज परदेशी दुकानांतून ‘फ्रेम बॅग’ या नावाने नवलाईची वस्तू म्हणून जी विकली जाते, तिची वंशावळ शंभर वर्षांहून जुनी आहे.

मध्यंतरी मात्र ती मागे पडली. डांबरी सडका झाल्या, प्रवासी मंडळींनी मागील चाकावर कॅरिअर ठोकून त्याच्या दोन्ही अंगांना पिशव्या लोंबविण्याची रीत स्वीकारली, आणि सडक गुळगुळीत असेपर्यंत त्या रीतीत काही न्यून नव्हते. न्यून उघडे पडले ते सडक सोडल्यावर. खाचखळग्यांनी कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात, रुंद पिशव्या झुडपांत अडकतात, आणि बर्फावर तर मागचे ओझे चाकाला अधिकच खोल रुतविते. अलास्कातील हिवाळी वाटांवर सायकली हाकणाऱ्यांना ही अडचण सर्वांत तीव्रतेने जाणवली, आणि तेथील अँकरेज शहरी एरिक पार्सन्स यांनी चौकटीच्या मापाने कापडी थैल्या शिवून देण्यास आरंभ केला. त्यातून ‘रेव्हलेट डिझाइन्स’ हा या धंद्यातील मान्यवर कारखाना उभा राहिला. दुसरीकडे, ज्या मिसूलाहून मॉसची तुकडी निघाली होती त्याच गावी ठाणे असलेल्या ‘ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ने कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत, पर्वतांच्या पाणलोट रेषेच्या आश्रयाने जाणारा कच्च्या वाटांचा एक प्रदीर्घ मार्ग आखला. त्या मार्गावर 2008 पासून ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत होत असते. अंतर सुमारे 2,700 मैल, आणि सरंजाम ज्याचा त्याने वाहावयाचा. अशा शर्यतींतूनच चौकटीतील पडशीला पुनश्च राजमान्यता मिळाली.

ग्रॅव्हल बाइक हे त्याच काळाचे अपत्य होय. शर्यतीच्या सायकलीचे वाकडे हँडल, परंतु तिच्यापेक्षा रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि खडी-मुरमावर न डगमगणारी बैठक असे हिचे स्वरूप असते. कॅन्सस संस्थानातील एम्पोरिया गावापासून चकमकीच्या धारदार दगडांनी भरलेल्या टेकड्यांतून 200 मैलांची जी शर्यत 2006 साली सुरू झाली, आणि जी आता ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने चालते, तिने या जातीच्या सायकलीचा लौकिक सर्वत्र नेला. आपल्याकडेही माण-खटावच्या मुरमाड वाटा, शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी आणि कोकणातील तांबडे रस्ते हा या सायकलीचा हक्काचा मुलूख आहे. आणि ज्याने ती घेतली त्याला, आज ना उद्या, तिच्यावर सामान कोठे ठेवावे हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

ओझ्याचा न्याय साधा आहे: ते जितके खाली आणि जितके दोन चाकांच्या मध्यावर, तितके वाहन इमानाने चालते. हँडलवर बांधलेले वजन वळण घेताना हाताला जड लागते. सीटखाली मागे निघालेली लांबट पिशवी, स्वार पॅडलवर उभा राहिला की, डावीकडे-उजवीकडे डुलू लागते. आणि पाठीवरची सॅक पाठ घामाने भिजवून शिवाय सगळा भार बैठकीवर आणून सोडते. चौकटीतील ओझ्याला यांपैकी एकही दोष लागत नाही. म्हणून अवजारे, जादा ट्यूब, कुलूप, बॅटरी, शेंगदाण्याची चिक्की असे जे जे जिन्नस लहान परंतु वजनदार, त्यांची रवानगी येथे करावी, आणि कपडे व अंथरूण यांसारखे हलके व फुगीर सामान अन्यत्र न्यावे.

येथवर मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो थैली पूर्ण असावी की अर्धी, या मुद्द्यावर. पूर्ण थैली सबंध त्रिकोण व्यापते आणि मोठ्या चौकटीत दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक सामान पोटात घेते. अर्धी थैली वरच्या नळीखाली निमुळती लटकते, साधारण तीन ते पाच लिटर सामावते, आणि खालची जागा पाण्याच्या बाटल्यांना मोकळी ठेवते. दुकानात उभा असलेला गिऱ्हाईक बहुधा पूर्ण थैलीकडे झुकतो, कारण त्याच पैशात अधिक जागा मिळत असल्याचा त्याला भास होतो. परंतु त्या जागेचे मोल पाण्याने चुकवावे लागते. चौकटीतील दोन बाटल्या म्हणजे सुमारे दीड लिटर पाणी. ते उठविले तर पुढील चिमट्याच्या दोन बाजूंना किंवा खालच्या नळीच्या पोटाखाली न्यावे लागते, आणि पोटाखालच्या बाटलीच्या तोंडाला चाकाने उडविलेली जी माती लागते तिच्यात गुरांच्या शेणाचा अंश किती, याचा हिशेब आमच्या खेड्यांतील वाटा पाहिलेल्या मनुष्यास सांगावयास नको. न्यू मेक्सिकोच्या वैराण पट्ट्यातून जाणारे स्वार पूर्ण थैलीत रबरी पखाल ठेवून तिची नळी हँडलपर्यंत आणतात. जेथे पुढचे पाणी दिवसभराच्या अंतरावर आहे तेथे ती तजवीज उचितच होय. आपल्याकडे वैशाखातील उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागत असले, तरी दर दोन-चार कोसांवर गाव, नळ किंवा चहाचे हॉटेल भेटते. म्हणजे आपणांस मोठी पखाल नको, हाताशी राहणाऱ्या दोन बाटल्या हव्यात. पूर्ण थैलीचा आणखी एक अवगुण असा की ती वाऱ्याला आडवी भिंत उभी करते. सागरी मार्गावर खाडीच्या पुलावरून जाताना आडव्या वाऱ्याचा झोत आला की तिचा प्रत्यय येतो.

अर्ध्या थैलीच्या बाबतीतही फसगत होते, ती मापात. ग्रॅव्हल बाइकची वरची नळी पुष्कळदा मागे उतरती असते, आणि बुटक्या माणसाच्या, विशेषतः स्त्रियांच्या मापाच्या चौकटीत, त्रिकोण इतका आखूड होतो की तयार थैली बसली तर बाटली निघत नाही, आणि बाटली निघाली तर थैली बसत नाही. यावर खात्रीचा उपाय पुठ्ठ्याचा आहे. सायकल भिंतीला टेकवून बाटल्या जागेवर ठेवाव्या, आणि उरलेल्या पोकळीत बसेल असा पुठ्ठा कापावा; त्यावर पट्टे कोठे येतील आणि ब्रेक-गिअरच्या तारा बाहेरून जात असल्यास कोठून जातात याच्या खुणा कराव्या, कारण तारेवर आवळलेला पट्टा गिअरचा घोटाळा करून ठेवतो. बाजूने बाटली ओढता येईल असे बॉटल केज बसविले, तर दोन-तीन बोटे अधिक उंचीची थैली खपून जाते. हाच पुठ्ठा ताडपत्री, रेक्झीन किंवा वाहनांची सीटकव्हरे शिवणाऱ्या कुशल कारागिराकडे नेला, तर नामांकित थैलीच्या किमतीच्या अंशात अंगाबरोबर बसणारी थैली तयार होऊ शकते, आणि बुटक्या चौकटीच्या मालकांनी तर हाच मार्ग प्रथम चोखाळावा असे माझे मत आहे.

लांबी-उंचीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व रुंदीला आहे, आणि जाहिरातींत तिचाच उल्लेख सर्वांत बारीक अक्षरांत असतो. पाच-सहा सेंटिमीटर रुंदी निर्धोक. त्यापलीकडे गुडघ्याची आतली बाजू थैलीला घासू लागते, आणि हे घर्षण दिवसभरात हजारो वेळा होत असल्यामुळे सायंकाळी कातडीवर त्याची नोंद उमटते. शिवाय रिकामी असताना सडपातळ दिसणारी थैली भरल्यावर फुगते. तिच्या पोटात दोन अंगांना जोडणारा पडदा किंवा बंद असेल तर फुगवटा आटोक्यात राहतो; विकत घेताना हात घालून हा पडदा आहे की नाही ते पाहावे.

कापडाविषयी फार घोळ घालण्याचे कारण नाही. नायलॉनचा जाडपणा डेनिअर या मापाने सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर. पाचशे डेनिअरचे कॉर्ड्युरा या कामास पुरेसे टिकाऊ असते. एक्स-पॅकसारखी थर चिकटविलेली कापडे हलकी व ताठ असतात, परंतु महाग. शिवणीऐवजी उष्णतेने सांधलेल्या टीपीयूच्या थैल्या पावसाला खरोखर दाद देत नाहीत; मात्र एकदा आत गेलेले पाणीही त्या बाहेर सोडत नाहीत. ज्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, ते कोकणातील दमट हवेत बंद कपाटात पडून राहिले तर काही वर्षांत चिकट होऊन सोलवटू लागते. पावसाळ्यासाठी सर्वांत स्वस्त बंदोबस्त म्हणजे धुतलेली दुधाची पिशवी: फोन आणि कागदपत्रे तीत गुंडाळून मग थैलीत ठेवावी.

थैली मरते ती बहुधा कापडाने नव्हे, झिपने. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकली जाणारी झिप पाणी थोपविते, अडवीत नाही. आणि तांबडी धूळ तिच्या दात्यांत बसली की सरकती कडी झिजते. थैली ठासून भरू नये, झिप ओढताना दोन्ही काठ हाताने जवळ आणावे, आणि प्रवासानंतर जुन्या टूथब्रशने दाते साफ करावे. बहुतेक थैल्यांत मोठा कप्पा उजवीकडून आणि पातळ कप्पा डावीकडून उघडतो. आपण डाव्या बाजूने चालणारे लोक असल्यामुळे वारंवार लागणारे जिन्नस डाव्या कप्प्यात ठेवणे श्रेयस्कर, म्हणजे धावत्या मोटारींच्या बाजूला हात घालण्याचा प्रसंग येत नाही.

पट्ट्यांखाली अडकलेली रेती रंग खरवडते आणि कार्बनच्या चौकटीला तर हळूहळू कापीत जाते. म्हणून पट्टे येतात तेथे आधी पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवावी. काही चौकटींवर वरच्या नळीखाली थेट स्क्रूने थैली बसविण्याची सोय असते. ती असेल तर अवश्य वापरावी, कारण मग पट्ट्यांची दगदग उरत नाही.

सारांशाने सल्ला विचारणाऱ्यास मी हेच सांगेन की महाराष्ट्रातील वाटांसाठी, मध्यम बांध्याच्या स्वाराने, चार लिटरांच्या आसपासची, सहा सेंटिमीटरांहून अरुंद आणि पोटात पडदा असलेली अर्धी थैली घ्यावी. दुकानात जाताना सायकल, दोन्ही बाटल्या आणि तो पुठ्ठा बरोबर न्यावा. थैली भरून, बांधून, बाटल्या आत-बाहेर करून आणि पॅडल फिरवून पाहावे, आणि जो दुकानदार एवढी मुभा देणार नाही त्याच्याकडे पैसे मोजू नयेत.