पहिल्या रिळातली चोरी

सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) सुरुवात ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या कानात ती पवनचक्की अजून करकरत असेल. ओसाड स्टेशन आणि गाडीची वाट पाहणारे तीन बंदूकवाले. एकाच्या टोपीवर वरून पाणी ठिबकतं. तो जागचा हलत नाही, आणि शेवटी टोपीत साचलेलं पाणी पिऊन टाकतो. दुसरा बोटं मोडत बसतो. तिसरा तोंडावर घोंगावणारी माशी पिस्तुलाच्या नळीत कोंडतो आणि तिची गुणगुण ऐकत राहतो. मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असून लिओनेने इथे पार्श्वसंगीत वापरलं नाही. गाडी येते, निघून जाते आणि रुळांपलीकडे हार्मोनिका वाजवणारा माणूस दिसतो. थोड्याच वेळात ते तिघंही मेलेले असतात. ज्यांच्या लकबी आपण एवढ्या बारकाईनं न्याहाळल्या, ती माणसं गोष्टीत उरतच नाहीत. पण असल्या तिघांना लोळवणारा कोण असेल, हे आपल्याला एव्हाना पुरतं उमगलेलं असतं.

‘हाय नून’, ‘द सर्चर्स’ यांच्या आरंभांवर पुष्कळ लिहून झालं आहे. ‘शोले’सुद्धा स्टेशनात येणाऱ्या गाडीपासूनच सुरू होतो. मला अनेक वर्षं ओढ आहे ती आपल्याकडच्या पहिल्या रिळांची. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने सिनेमे पाहताना माझं लक्ष नेहमी पहिल्या दहा मिनिटांवर खिळतं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आज हाती आहेत ती फक्त पहिलं आणि शेवटचं, आणि ती जपली गेली संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यामुळे. त्यातला पहिला प्रसंग पाहा: राजा मुलाला धनुष्यबाण चालवायला शिकवतो आहे, राणी जवळ उभी आहे. राज्य, मुलगा, बायको. पुढे जे जे जाणार आहे ते सगळं फाळक्यांनी आरंभीच एका चौकटीत मांडून ठेवलं आहे.

पुण्यात मात्र सुरुवातीचा हा विचार खऱ्या अर्थानं पेटला तो ‘प्रभात’ फिल्म कंपनीत. कंपनी १९३३ साली कोल्हापूर सोडून इथे आली. नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). ‘सैरंध्री’च्या रंगीत छपाईच्या निमित्तानं दिग्दर्शक शांतारामबापू जर्मनीला जाऊन आले होते, आणि तिथली छायाप्रकाशाची जाण या सुरुवातीत लख्ख दिसते. राजानं बळी देण्याची प्रथा बंद केली आहे. तळघरात ज्वाळांच्या उजेडात चंडिकेचे भक्त जमले आहेत. कॅमेरा खालून, फिरत फिरत त्यांना टिपतो, आणि मग टेलिफोटो भिंगातून पडदाभर राजगुरूचा एकच डोळा. राजाला कुणी मारायचं हे तिथं ठरतं. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहनचा होता, आणि या पहिल्याच भूमिकेतल्या डोळ्यांवर त्याचं नाव झालं.

मराठी आवृत्तीतले राजगुरू होते केशवराव दाते. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो, याची मला खंत वाटते. आदल्याच वर्षी ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’नं मराठी रंगभूमीवर जो स्वाभाविक अभिनय आणला, त्यामागे दाते होते. ‘कुंकू’तला (१९३७) म्हातारा काकासाहेबही त्यांचाच. आणि ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही, घरात जे वाजेल तेच ऐकू येतं. लिओनेच्या पवनचक्कीच्या तीस वर्षं आधी पुण्यात हा निर्णय घेतला गेला होता. पाश्चात्त्य सिनेमाचं कौतुक करताना हे आपण विसरतो.

तरीही ‘अमृतमंथन’चा डोळा मला सर्वांत मोठा वाटत नाही. तो घाबरवतो, पण राजगुरूबद्दल जे सांगायचं ते पहिल्या फटक्यात सांगून मोकळा होतो. माझ्या मते ‘प्रभात’ची सर्वांत धारदार सुरुवात ‘संत तुकाराम’ची (१९३६). त्यात ना तळघर, ना शस्त्र, ना कुणाला मारण्याचा कट.

दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी काय केलं? आधी विष्णुपंत पागनीस, तुकोबा म्हणून, विठ्ठलापाशी गाताना. कॅमेऱ्याला घाई नाही. आवाजात कसरत नाही, चेहऱ्यावर आविर्भाव नाही. मग दृश्य बदलतं, अभंग तोच राहतो, आणि गाणारा बदलतो. देवळात लोकांसमोर सालोमालो बसला आहे. तो तेच शब्द हरकती घेत, हातवारे करत, आपले म्हणून गातो. नट भागवतांनी हा सालोमालो असा रंगवला आहे की संगीत नाटकांच्या रंगमंचावरची ओळखीची ऐट त्यात दिसावी. गंमत म्हणजे पागनीस स्वतः ‘स्वदेश हितचिंतक’ नाटक मंडळीत स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले नट. रंगभूमीवरची सगळी नजाकत अंगात मुरलेल्या माणसानं ती बाजूला ठेवून गायचं, आणि समोरच्यानं ती मिरवायची. संगीत केशवराव भोळ्यांचं. शब्द दोघांच्या तोंडी एकच असल्यामुळे फरक फक्त माणसातला उरतो.

एका कटनं तीन गोष्टी कळतात: तुकोबा कोण, सालोमालो कोण, आणि झगडा कशासाठी. वेस्टर्नमध्ये जमीन, पाणी, सोनं बळकावलं जातं. देहूत बळकावली जाते नाममुद्रा. वारकरी परंपरेत अभंगातलं कवीचं नाव म्हणजे त्याची सही. ती पुसून स्वतःचं नाव घालणं हा काही किरकोळ खोडसाळपणा नाही. खुद्द तुकोबांच्या गाथेत सालोमालोवर संतापलेले अभंग आहेत. म्हणून पुढे रामेश्वरशास्त्री येतात, गाथा इंद्रायणीत बुडते, तेव्हा ते संकट अचानक कोसळल्यासारखं वाटत नाही. ते पहिल्या अभंगापासूनच आपल्या मागे लागलेलं असतं. गोळी झाडण्याआधीचा जो ताण लिओने पाण्याच्या थेंबांतून उभा करतो, तो इथे प्रेक्षक स्वतः बाळगतो: हे शब्द कुणाचे ते आपल्याला माहीत आहे, देवळातल्या श्रोत्यांना नाही.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ वर्षभराहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला. हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच चित्रपटात बीज आणि वृक्षाच्या रूपकावरचं एक गाणं आहे, कित्येक जण आजही ते तुकोबांचंच समजतात. गाथेत ते शोधूनही सापडणार नाही. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी, चित्रपटासाठी. सालोमालोनं तुकोबांच्या शब्दांवर आपलं नाव घातलं. आठवल्यांनी स्वतःचे शब्द तुकोबांच्या तोंडी घातले आणि ते लोकांनी तुकोबांच्या नावावर जमा केले.