नेदरलँड्समधील मुले सायकलने शाळेत कशी जाऊ लागली?

नेदरलँड्समध्ये सकाळी आई-वडील आणि मुले सायकलवरून शाळेकडे निघालेली दिसणे, हे नित्याचे दृश्य आहे. अगदी लहान मूल पालकांच्या सायकलवरील आसनात किंवा पुढे मोठी पेटी जोडलेल्या सायकलीत बसते. चार-पाच वर्षांचे झाले की अनेक मुले स्वतःची छोटी सायकल चालवू लागतात. अशा वेळी पालक वाहनांच्या बाजूने राहतात आणि गरज पडल्यास मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला आधार देतात.

ही सुरक्षितता मात्र सहज मिळालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये तेथे रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० जणांचा मृत्यू झाला. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर ‘बालहत्या थांबवा’ या नावाने आंदोलन उभे राहिले. १९७३ च्या तेलसंकटाने या मागणीला बळ दिले. पुढे स्वतंत्र सायकलमार्ग आणि निवासी भागांत ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा असे बदल टप्प्याटप्प्याने झाले.

मोटारीने १४ वर्षांखालील सायकलस्वाराला धडक दिल्यास, मुलाची चूक असली तरी भरपाईचा भार जवळजवळ नेहमीच मोटारीच्या बाजूवर येतो. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत बहुतेक मुले वाहतूक नियमांची परीक्षा देतात. अनेक शाळांत त्यासाठी रस्त्यावर सायकल चालवूनही दाखवावी लागते. पालकांची सोबत तोवर बहुधा सुटलेली असते.