सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी

सोनोग्राफीचा रिपोर्ट बंद पाकिटात मिळतो, पण डॉक्टरांच्या टेबलावर पोचेपर्यंत ते पाकीट सहसा बंद राहत नाही. सेंटरच्या पायरीवर नाहीतर रिक्षात ते उघडलं जातं. डाव्या ओव्हरीत चारेक सेंटिमीटरची सिस्ट आहे, एवढं कळतं. बाकीच्या शब्दांसाठी मोबाइल बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्टवर नजर टाकतात, पाळीची तारीख विचारतात आणि म्हणतात, ‘‘घाबरण्यासारखं काही दिसत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.’’ यातलं पहिलं वाक्य बाई दवाखान्याच्या दारातच विसरते. डोक्यात उरतात ते सहा आठवडे.

हे सहा आठवडे डॉक्टरांनी टाळाटाळ म्हणून दिलेले नसतात. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याची एक छोटी पिशवी तयार होतेच. तिच्यात बीज वाढतं, ती दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही, नुसतीच वाढत राहते. कधी फुटल्यानंतर तिच्या जागी रक्त साचतं आणि पडद्यावर ते भलतंच भयंकर दिसतं. अशा बहुतेक सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. म्हणून मधे एखादी पाळी जाऊ द्यायची आणि पाळी संपता संपता, अंडाशय शांत असताना पुन्हा पाहायचं. तेव्हा सिस्ट दिसली नाही, तर ती पाळीच्या चक्रातलीच होती. दिसली, तर पुढचा विचार. ती डरमॉइड असू शकते, जिच्यात केस, चरबी, क्वचित दातसुद्धा सापडतात आणि तरीही ती बहुधा साधीच असते. एंडोमेट्रिऑसिसमुळे होणारी चॉकलेट सिस्टही असू शकते. थोडक्यात, हे थांबणं हाच तपासणीचा एक भाग आहे. (आणि हो, पीसीओडी हे प्रकरण वेगळं. त्यात दिसते ती अर्धवट वाढलेल्या बीजांच्या, ठिपक्यांसारख्या बारीक बारीक पुटकुळ्यांची रांग. तिला सिस्ट म्हणायची सवय पडली आहे, एवढंच.)

धोका किती, याचंही उत्तर आहे. सोनोग्राफीत साध्या वाटलेल्या गाठी न कापता त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं तर काय होतं, हे युरोपातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने अनेक देशांत तपासलं गेलं. 1,919 स्त्रियांचा हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीची गाठ आपोआप नाहीशी झाली, आणि सहसा न जिरणाऱ्या डरमॉइडसारख्या गाठीही या हिशेबात धरलेल्या होत्या. पसरणारा कॅन्सर निघाला तो हजारात चौघींना.

हे वाचून भीती जायला हवी. पण जात नाही, कारण ही भीती आकड्यांची नसतेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक प्रयोग मांडला. संगणकाच्या पडद्यावर दगड, काही दगडांखाली साप, आणि साप निघाला की हाताला विजेचा चटका. सर्वांत जास्त ताण कधी आला? चटका बसणारच हे ठाऊक असताना नव्हे. बसेल की नाही, हे निम्मंनिम्मं असताना. नक्की काय ते कळलं की माणूस सावरतो. ‘असेल-नसेल’ त्याला पोखरत राहतं.

मग सुरू होते खात्री मिळवण्याची धडपड. रात्री सगळे झोपल्यावर गुगल. दिवसातून दहा वेळा ओटीपोट दाबून पाहणं. दाबल्यामुळे दुखायला लागतं आणि ते दुखणं हाच गाठ वाढल्याचा पुरावा ठरतो. मैत्रिणीला फोन, मग दुसरीला. आरोग्याच्या काळजीवर काम करणाऱ्या पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश तज्ज्ञांनी 1980 च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं की, दिलासा मागून मिळालेला आराम थोडाच वेळ टिकतो आणि पुढच्या खेपेला तो आणखी जास्त लागतो. आपल्याकडे तर दिलासा द्यायला बसलेलीच ‘माझ्या जावेच्या बहिणीलाही आधी साधीच सिस्ट म्हणाले होते’ अशी सुरुवात करते! मुलगी लग्नाची असेल तर वेगळाच त्रास. ‘कुणाला बोलू नकोस’ अशी तंबी मिळते आणि धीर मागायची दारंच बंद होतात.

याच धडपडीतून ‘सीए-125 ही रक्ताची तपासणी तरी करून टाकू’ हा विचार येतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये या तपासणीचा पाया घातला, आणि कॅन्सरच्या उपचाराला प्रतिसाद कसा मिळतोय हे पाहायला ती उत्तम आहे. पाळी चालू असलेल्या, साधी सिस्ट असलेल्या स्त्रीत मात्र ती हमखास गोंधळ घालते. 35 या मर्यादेच्या वरचा आकडा पाळीच्या दिवसांत येतो, एंडोमेट्रिऑसिसमध्ये येतो, फायब्रॉइडमध्ये, गरोदरपणात आणि पोटाच्या टीबीतही येतो. ‘करून टाकायला काय हरकत आहे’ याचं उत्तर अमेरिकेत 78 हजारांवर स्त्रियांच्या चाचणीतून 2011 मध्ये मिळालं. कोणताही त्रास नसताना दरवर्षी सीए-125 आणि काही वर्षं सोनोग्राफी करूनही अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू घटले नाहीत. उलट कॅन्सर नसताना हजाराहून जास्त जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या 163 जणींना गंभीर त्रास सोसावा लागला. पाळी गेल्यानंतर सापडलेल्या सिस्टचा हिशेब वेगळा. तिथे ही तपासणी करायलाच हवी. घरात आई-बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनांचा कॅन्सर झालेला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं.

तोवर दिवस कसे काढायचे? ‘विचारच करू नकोस’ हा सल्ला कुचकामी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोरकोवेक यांनी 1983 मध्ये उलटी वाट सुचवली: काळजीला रोजचा अर्धा तास ठरवून द्या, जागाही तीच ठेवा, आणि एरवी विचार आला की त्याला त्या वेळेवर ढकला. संध्याकाळी सहाला खुर्चीत वही घेऊन बसलं की दिवसभर छळणाऱ्या दहा शंकांपैकी डॉक्टरांना विचारण्याजोग्या तीन-चारच उरतात. सिस्ट पाण्याची की घट्ट? आत पडदे आहेत का? पुढच्या वेळी किती वाढली तर काय करायचं? किं. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत रुजवला, त्यातला इच्छा आणि हट्ट यांतला फरक इथे चपखल लागू पडतो. ‘लवकर कळलं तर बरं’ ही इच्छा झाली. ‘मला आत्ताच, शंभर टक्के कळलंच पाहिजे’ हा हट्ट. झोप उडवतो तो हट्ट.

एवढं करूनही जेवण, झोप, काम बिघडलं असेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. ब्रिटनमधल्या 444 रुग्णांच्या अभ्यासात अशा काळजीवर दिलेल्या बोलण्याच्या उपचाराचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकून होता. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. सिस्टमुळे अंडाशयाला पीळ पडला तर एका बाजूला अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. सिस्ट फुटून आत रक्तस्राव झाला तर चक्कर येते. असं झालं तर पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका, घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. पीळ लवकर सोडवला तर अंडाशय बहुधा वाचवता येतं.