रूट कॅनालनंतर दुखणे थांबले, मग कॅप कशासाठी? सोप्या भाषेत समजून घ्या

दाढ ठणकायला लागली की रात्र सरत नाही. रूट कॅनाल झाले की ठणका थांबतो आणि अनेकांच्या दवाखान्याच्या फेऱ्याही तिथेच थांबतात. ‘आता दुखत नाही, कॅपचे सुगी झाल्यावर बघू’ असे म्हणत महिने निघून जातात. मग एखाद्या दिवशी शेंगदाणे किंवा भाजलेले हरभरे खाताना दाढ उभी चिरते. चीर हिरडीखाली मुळापर्यंत गेली, तर बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. म्हणजे रूट कॅनालचे पैसेही गेले आणि दाढही गेली. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या गावातून दाताच्या कामासाठी नगर किंवा पुणे गाठायचे म्हटले तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे ही शेवटची फेरी का टाळू नये, हे समजून घ्यायला हवे.

कॅप म्हणजे नेमके काय?

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर पुन्हा जुळून येते, इनॅमल मात्र एकदा गेले की परत तयार होत नाही. म्हणून किडलेल्या किंवा तुटलेल्या दातावर बाहेरून, हिरडीपर्यंत झाकणारे नवे कवच बसवतात. डॉक्टर त्याला क्राउन म्हणतात, आपण कॅप म्हणतो.

कॅपचे काम बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धावेसारखे असते. धाव लाकडाला चहूबाजूंनी आवळून धरते, म्हणून ओझ्याखाली चाक फाकत नाही. रूट कॅनालसाठी दाढेच्या मध्यभागातून किडलेला भाग आणि नस काढलेली असते. उरलेल्या भिंती पातळ होतात आणि चावताना बाहेर फाकू पाहतात. कॅप त्यांना एकत्र धरून ठेवते.

मात्र धरायला खाली काहीतरी शाबूत हवे. हिरडीच्या वर सगळीकडून साधारण दीड ते दोन मिलिमीटर चांगला दात शिल्लक असेल, तर कॅपची पकड चांगली बसते. उशीर केला की नेमका हाच भाग किडतो किंवा तुटतो.

कोणत्या दाताला लागते, कोणत्या नाही?

चावण्याचा सर्वाधिक भार दाढांवर येतो. त्यामुळे रूट कॅनाल झालेल्या दाढेला सहसा कॅप सुचवली जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांचा या विषयावरील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप बसवलेल्या दातांच्या सुमारे सहा पट असल्याचे त्यात आढळले. जुन्या नोंदींवर आधारलेला हा अभ्यास असल्याने हा आकडा प्रत्येक दाताला जसाच्या तसा लागू होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

याउलट, लहानशी कीड असेल तर साधे सिमेंट भरूनही काम भागते. समोरच्या दाताचे रूट कॅनाल झाले, पण बाकी दात शाबूत असेल, तर दर वेळी कॅप लागतेच असे नाही. हे विचारून घेणे महत्त्वाचे, कारण कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो आणि घासलेला दात पूर्ववत होत नाही.

कशी बसवतात?

साधारण दोन फेऱ्यांत काम होते. पहिल्या फेरीत एक्स-रे बघून गरज असल्यास भूल देतात, दात एक ते दोन मिलिमीटर घासतात, माप घेतात, शेजारच्या दातांशी रंग जुळवतात आणि तात्पुरती कॅप लावतात. माप लॅबमध्ये जाते. दुसऱ्या फेरीत तयार कॅप बसवून बघतात आणि रंगीत कागद चावायला देऊन कुठे उंच लागते ते तपासतात. मगच ती सिमेंटने पक्की चिकटवतात. कॅप उंच वाटत असेल तर त्याच वेळी सांगा. ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसलात, तर दाढ दुखू लागते.

काही ठिकाणी मापासाठी तोंडात लगदा न घालता छोट्या कॅमेऱ्याने दाताचे थ्रीडी स्कॅन करतात. झिरकोनियाची कॅप बनवण्याची पद्धत तर एखाद्या कारखान्यातील सुट्या भागासारखी आहे. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून यंत्र ती कोरते, तीही मूळ मापापेक्षा मोठी. मग सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती जवळपास २० टक्के आकसते, कठीण होते आणि नेमक्या मापावर येते.

कोणती घ्यावी?

* धातूची : स्वस्त आणि मजबूत, दातही कमी घासावा लागतो. पण दिसते चंदेरी. काहींना त्यातील निकेलची ॲलर्जी असते.
* धातूवर सिरॅमिक : मधला पर्याय. दाताच्या रंगाची असते. मात्र वरचा थर उडू शकतो आणि हिरडीजवळ काळी रेघ दिसू शकते.
* झिरकोनिया : धातूविना मजबूत, दाढांसाठी चांगली. किंमत जास्त.
* लिथियम डायसिलिकेट : काचेसारखी चमक असल्याने समोरच्या दातांना शोभते.

मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांसाठी स्टीलची तयार कॅप मिळते. दुधाचा दात पडला की तीही त्याच्यासोबत निघून जाते.

टिकते किती?

चांगली बसवलेली कॅप साधारण १० ते १५ वर्षे टिकते, कधी त्याहून जास्त. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो. म्हणून दोन वेळा ब्रश आणि दातांच्या फटींची सफाई चुकवू नका. कॅपच्या दाढेने सुपारी फोडणे, ऊस सोलणे बंद करा.

इथे राळेगणसिद्धीचा धडा कामाला येतो. गावाच्या पंचसूत्रीत नशाबंदी होती आणि दारूपाठोपाठ गावाने विडी, सिगारेट, तंबाखूची विक्रीही बंद केली. त्याचा दातांशीही थेट संबंध आहे. तंबाखूमुळे हिरड्यांचे आजार वाढतात. हिरडी खाली सरकली की कॅपची कड उघडी पडते आणि मूळ किडते. मिश्रीने दात स्वच्छ होतात हा समज चुकीचा आहे. तीही भाजलेली तंबाखूच.

खर्चाचे काय?

दर साहित्य, लॅब आणि शहरानुसार बदलतात. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ते सहसा कमी असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, संगमनेरला एसएमबीटीचे. जवळचे शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे फेऱ्या वाढू शकतात, हे गृहीत धरा.

उपचाराला होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : कॅपशिवाय पर्याय आहे का? कॅप कोणत्या साहित्याची? एकूण खर्चात रूट कॅनाल आणि लॅबचे पैसे धरले आहेत का? वॉरंटी कार्ड मिळेल का, आणि कॅप तुटल्यास पुन्हा बसवण्याचे पैसे कोण देणार?

रूट कॅनाल आधीच झाले असेल आणि कॅप राहिली असेल, तर ठणका परत येण्याची वाट पाहू नका. त्या दाताची नस काढलेली असल्याने चीर पडायला लागली तरी ती वेळेत दुखून इशारा देईलच असे नाही. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका आणि तारीख ठरवून टाका.