सूत्रधार नसलेली स्लाइड

कोयना प्रकल्पाचा धडा घ्या. साताऱ्याच्या एखाद्या कॉलेजात भूगोलाचे सर पडद्यावर शिवसागर जलाशय दाखवतात. क्लिक केलं की निळा बाण सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यात शिरतो. पुन्हा क्लिक केलं की तो पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतो आणि चक्र फिरू लागतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, तर सर थांबतात आणि बाणही थांबतो. हीच स्लाइड ऑनलाइन कोर्समध्ये चढवली की सर अजून जलाशयापाशीच असतात आणि चक्र केव्हाचं गरगरत असतं.

कारण साधं आहे. कशामागून काय येणार, एवढंच पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. कधी येणार, हे सरांच्या बोटात असतं. कोर्स तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र प्रत्येक क्लिकच्या जागी ठरलेला सेकंद लागतो. तो आपण दिला नाही, तर ते स्वतःच्या अंदाजाने देतं.

ही अडचण सांगलीला नवी वाटू नये. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवलं, तेव्हा कथा पदांतून गाऊन पुढे नेण्याचं काम सूत्रधाराकडे होतं आणि पात्रं त्या गाण्याच्या अनुरोधाने हालचाली करत. पात्र रेंगाळलं तर सूत्रधार कडवं लांबवू शकत होता. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला ती सोय नाही.

आवाज आणि चित्र जुळण्याचा अट्टहास कशाला? रिचर्ड मेयर आणि रिचर्ड अँडरसन यांनी 1991 मध्ये सायकलचा पंप कसा चालतो, याचं अ‍ॅनिमेशन विद्यार्थ्यांना दाखवलं. निवेदन आधी आणि चित्र नंतर मिळालेल्यांपेक्षा दोन्ही एकदम मिळालेल्यांना पुढचे प्रश्न चांगले सोडवता आले. बाण आणि त्याचं वर्णन लांब पडलं, की विद्यार्थ्याला एक डोक्यात धरून दुसऱ्याची वाट पाहावी लागते. त्यात चुकायचंच झालं तर चित्राने किंचित आधी यावं. वीज आधी चमकते, गडगडाट मागून येतो, याची आपल्याला सवय आहे. टीव्हीसाठीचे आंतरराष्ट्रीय निकषही तेच सांगतात: आवाज 45 मिलिसेकंद पुढे गेला की जाणवू लागतो, मागे मात्र 125 पर्यंत जाणवत नाही. स्लाइडला एवढी काटेकोर मोजणी नको, पण दिशा तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या तासाचं निवेदन एका दमात रेकॉर्ड करणं. एक वाक्य बदललं की पुढचे सगळे सेकंद सरकतात. प्रत्येक स्लाइडला वेगळा ऑडिओ ठेवला, तर बिघाड त्या स्लाइडपुरताच राहतो. आणखी एक खोच: पॉवरपॉइंटमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना बोललेलं टिपलं जात नाही. तेवढ्या वेळात गप्प राहायचं. बोलक्या शिक्षकांना हेच सर्वांत जड जातं.

‘बोगद्यात’ हा शब्द येतो तिथे ऑडिओवर बुकमार्क लावून बाण त्यालाच बांधता येतो. मग आधीच्या बाणांचे वेग बदलले तरी हा शब्दाला धरून राहतो. मात्र रूपांतर करणारं प्रत्येक सॉफ्टवेअर हे बुकमार्क ओळखतंच असं नाही. शंभर स्लाइडी सजवण्याआधी एकच चढवून बघितलेली बरी.

इतकं करूनही पहिल्याच स्लाइडला घोटाळा होतो, आणि त्यात शिक्षकाचा दोष नसतो. 2018 पासून क्रोम ब्राउझर, पाहणाऱ्याने पानाला हात लावल्याशिवाय आवाज आपोआप सुरू होऊ देत नाही. आवाज अडतो, अ‍ॅनिमेशन मात्र पुढे निघून जातं. उपाय म्हणजे सुरुवातीला ‘धडा सुरू करा’ असं एक बटण ठेवायचं. मग तपासणी ऑफिसातल्या जलद इंटरनेटवर न करता, पाटण किंवा जतच्या विद्यार्थ्याकडे असतो तसल्या साध्या मोबाइलवर करायची, तीही मध्येच थांबवून आणि मागे-पुढे सरकवून.