नवे पॅड बसवले, तरी स्टिअरिंग का थरथरते?



गेल्या अंकातल्या जमाखर्चात दवाखान्याच्या जीपच्या नावावर एकाच वर्षात दोनदा ब्रेकचा खर्च दिसला, तो का, अशी विचारणा काही वाचकांनी केली. विचारलेच पाहिजे, तो पैसा आपण दिलेला आहे. गाडीची देखभाल माझ्याकडे असल्याने उत्तर मी लिहितो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गाडी आहे आणि हे दुखणे कोणत्याही गाडीला जडू शकते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आपली जीप तळोदा ते धडगाव या वाटेवर चांदसैली घाटातून चढ-उतार करते. उतारावर ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि ब्रेकचे बरेचसे काम पुढच्या चाकांना करावे लागते. मागच्या सीटवर अडलेली बाई असेल, तर ड्रायव्हर अधिकच जपून, म्हणजे वारंवार ब्रेक लावत उतरतो. त्यामुळे पुढचे पॅड लवकर संपतात. पावसाळ्याआधी ते संपले, तेव्हा तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये नवे बसवले. त्याच वेळी डिस्कही काढून लेथवर फेसिंग करून घेतल्या. पुढचे सुमारे चार हजार किलोमीटर गाडी उत्तम चालली. मग एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "उतारावर पन्नास-साठच्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरते." गॅरेजचे म्हणणे होते, "डिस्क वाकल्या, दोन्ही नव्या टाका."

"डिस्क वाकली" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले असेल. बिडाची ती जाड तबकडी भाकरीसारखी वाकडी होते, असे मात्र फार क्वचित घडते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. एक मिलिमीटरचे शंभर भाग केले आणि त्यांतल्या दोन-तीन भागांचा फरक पडला, तरी हाताला हादरे जाणवतात. जाड भाग पॅडमध्ये आला की पकड वाढते, पातळ भाग आला की सुटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे घडते आणि तेच धक्के स्टिअरिंगपर्यंत येतात.

म्हणून खर्च करण्याआधी काही प्रश्न विचारावेत. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते की एरवीही? एरवीही येत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर पाहा. ब्रेकवरच येत असेल, तर ती कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये आली तर बहुधा पुढची चाके. सीटखाली, कमरेला जाणवली तर संशय मागच्या चाकांवर जातो. शंका असेल तर मोकळ्या सपाट मैदानात, हळू वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो अलगद ओढून पाहावा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. तेव्हाही गाडी थरथरली, तर दोष मागे आहे. रहदारीत किंवा उतारावर हा प्रयोग करू नये. आणि एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली टकटक होते, तो दोष नव्हे. ती यंत्रणा काम करत असते.

माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न हा, की थरथर कधीपासून? पॅड बदलले त्याच दिवशी सुरू झाली असेल, तर आधी चाकाचे नट तपासा. हवेच्या गनने एक नट करकचून आणि शेजारचा सैल, असे झाले की डिस्क एका बाजूला ओढली जाते. जुन्या डिस्कवर घासून पडलेल्या खाचा आणि कडेला उरलेला उंचवटा असेल, तर कोरे सपाट पॅड त्यावर नीट टेकत नाहीत. असे पॅड बसायला थोडे दिवस लागतात. चार-पाच हजार किलोमीटरनंतर सुरू झाली असेल, तर कारण बहुधा वेगळे असते, आणि आपल्या जीपचे तेच निघाले.

चूल मांडताना एका दगडावर खडा राहिला, तर तवा एका बाजूने उचललेला बसतो. डिस्क ज्या हबवर बसते, त्यावर गंजाचा पापुद्रा राहिला तर तसेच होते. हबची बैठक लहान आणि डिस्क तिच्याहून बरीच रुंद, त्यामुळे मध्यावरचा बारीकसा कचरा बाहेरच्या कडेवर मोठा डोल बनतो. अशी डिस्क फिरताना किंचित हेलकावते. ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा एकच भाग पॅडला निसटता घासतो. हजारो किलोमीटरमध्ये तो भाग झिजून पातळ होतो, आणि मग थरथर सुरू होते. तोवर पॅड बदलल्याची गोष्ट सगळे विसरलेले असतात.

हे तपासायला डायल गेज लागतो. लेथवाल्याकडे तो असतो. आधी जॅकवर गाडी उचलून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिले. बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला असेल, तर लहानसा धक्काही मोठा होऊन हातात येतो, आणि डायलचा आकडाही फसवा निघतो. तिथे सगळे घट्ट होते. मग चाक काढले, डिस्क नटांनी हबवर आवळली, डायलची सुई कडेजवळ टेकवून एक फेरा फिरवला. डाव्या बाजूला डोल ०.१४ मिमी भरला. बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिमीपर्यंत चालतो. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली, तर ०.०३ मिमीचा फरक. डिस्क उतरवली तेव्हा हबवर गंज तसाच दिसला. पहिल्या वेळी फेसिंग झाले होते, पण बैठक साफ झालेली नव्हती. तशा हबवर नवी डिस्क बसवली असती, तर काही महिन्यांत तीही अशीच झिजली असती.

वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत केला. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. आपल्या डिस्क अजून तिच्या वर होत्या, म्हणून हलके फेसिंग करता आले. त्या आकड्याच्या खाली गेलेली डिस्क मात्र कोणी कितीही स्वस्तात घासून देतो म्हणाले, तरी वापरू नये. बसवल्यावर पुन्हा डायल लावला, ०.०४ मिमी. कॅलिपरची एक सरकती पिन जाम झाली होती, तिला ब्रेकसाठीचे उष्णता सोसणारे ग्रीस लावले. साधे ग्रीस तिथे वितळते आणि रबरही फुगवते. शेवटी नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आवळले. दुसऱ्या वेळच्या पावतीत आहे ते एवढेच काम. नव्या डिस्क घ्याव्या लागल्या नाहीत.

नव्या पॅडला डिस्कशी ओळख करून द्यावी लागते, हेही गॅरेजमध्ये सहसा सांगत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा ब्रेक लावावा. पूर्ण थांबू नये, आणि मध्ये थोडे अंतर तशीच गाडी चालवून ब्रेक निवू द्यावेत. यामुळे पॅडच्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिले, तर पॅडखालच्या जागी त्या द्रव्याचा डाग उमटतो आणि पुढे तिथेच धक्का लागू लागतो. म्हणून घाट उतरून चेकनाक्यावर थांबावे लागले, तर जागा सपाट असेल तिथे आमचा ड्रायव्हर पाय उचलून हँडब्रेक लावतो.

घाटात तो आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो आणि वेग इंजिनाला धरू देतो. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवण्याऐवजी थोडा नीट दाबून सोडतो. ब्रेक ऑइलही याच वेळी बदलले आहे, कारण ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे कोरे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ते उकळले, तर पेडल पोकळ होऊन थेट खाली जाते. दर दोन वर्षांनी ते बदलायचे, असे गाडीच्या वहीत लिहून ठेवले आहे. चार हजार किलोमीटर पूर्ण झाले की डायल पुन्हा लावणार आहे; त्याची नोंदही त्याच वहीत होईल. कोणाला पाहायची असेल, तर वही दवाखान्याच्या कचेरीत ठेवलेली असते.