भंगाराला घरात कामाला लावताना

सकाळी ७.३०
शिरोली एमआयडीसीतलं भंगाराचं दुकान. कोल्हापूरच्या बऱ्याच फाउंड्र्यांत आता ॲल्युमिनियमचे आणि रेझिनचे पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी वाळूत आकार उमटवायचे नमुने, आलेत. जुने लाकडी पॅटर्न किलोच्या भावाने इथे येऊन पडतात. आज ढिगात मोठ्या गिअरचा एक अर्धा पॅटर्न आहे. "ताई, हे जळणात जाणार होतं," दुकानदार मामा म्हणतात आणि लगेच सावरतात, "पण तुम्ही मागताय म्हणजे भाव वेगळा!" मी तो उलटा करून जमिनीवर ठोकते. भोकांतून पिठी झडली की कीड जिवंत. मग वस्तू कितीही देखणी असो, नको. यातून काही पडत नाही. घेतला.

९.३०
उद्यमनगरातलं वर्कशॉप. मिस्त्री पॉलिश पेपर काढतात, मी थांबवते. पॅटर्नवरचे लाल, पिवळे, काळे पट्टे म्हणजे मशीनिंग कुठे होणार, पोकळीसाठीचा कोअर कुठे बसणार याच्या खुणा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासून धूळ उडवणं तसंही बरं नव्हे. ओल्या फडक्याने पुसायचं, वाळवायचं, वर मॅट लॅकरचे दोन हात.

पॅटर्नच्या उभ्या कडा काटकोनात नसतात. वाळूतून अलगद निघावा म्हणून त्यांना किंचित उतार दिलेला असतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून मापही तेवढं वाढवलेलं. त्या उतारामुळे भिंतीवर बसवताना लेव्हल कडेला लावली की फसगत ठरलेली. मध्यरेषा आखून तिच्यावरच लावायची.

११.३०
फॅब्रिकेटरकडे. जुन्या ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलवर टीपॉय करायचाय. बीडाला साध्या रॉडने वेल्डिंग केलं की ते तडकतं, म्हणून पाय बोल्टने जोडायचे. खरा प्रश्न वजनाचा. ६० सेंमी व्यासाची, १० सेंमी जाडीची भरीव बीडाची चकती २०० किलोच्या आसपास भरते आणि घराचा स्लॅब साधारणतः चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून काढतात. आमचं चाक आऱ्यांचं आहे, तरी आधी काटा, मग बीम कुठून जातो ते पाहून जागा.

दुपारी २.३०
साइट. घरमालक काकांचे इचलकरंजीत माग होते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशिवाय चालणारे माग आल्यावर जुने धोटे पोत्यात गेले. मी त्या धोट्यांच्या झुंबराचं ड्रॉइंग काढून आणलंय. काका ड्रॉइंग बाजूला सारतात, एक धोटा उचलतात, पोलादी टोकावरून अंगठा फिरवतात. "हे हातातलं हाय. वर टांगून काय करायचं?"

पटलं. झुंबर रद्द. दोन्हीकडे निमुळता, वापरून गुळगुळीत झालेला धोटा मुठीत नेमका बसतो. आता तो कपाटाच्या दाराला, मूठ म्हणून. मिस्त्रींना मागून स्क्रू कुठे घ्यायचा तेवढं दाखवलं.

५.००
नकार द्यायची वेळ. एकांना रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचं जेवणाचं टेबल हवंय. त्या लाकडात क्रिओसोट हे घातक रसायन मुरवलेलं असू शकतं, ताटाखाली ते नकोच. दुसऱ्यांनी २०० लिटरचा ड्रम घरीच गॅस कटरने कापायचं ठरवलंय. रिकाम्या दिसणाऱ्या ड्रममध्येही वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो. दोघांनाही फोन करूनच सांगितलं.

७.००
हिशेब. भंगार स्वस्त, मजुरी महाग. 'जुनं आहे म्हणजे स्वस्तात होईल' असं समजून येणाऱ्यांना हा हिशेबाचा कागद आधी दाखवते.

तुमच्या घरचं वर्कशॉप मोडीत निघत असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा आत फिरून या. प्रत्येक वस्तू घरात काय काम करेल ते विचारा. उत्तर नसेल तर खुशाल विका. बीड भट्टीत जाऊन पुन्हा नवं होतं. लाकडी पॅटर्न चुलीत गेला की गेला, म्हणून तो आधी बाजूला काढा.